भिडेवाडा : जागा आणि वास्तू

४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुणे महापालिकेने पोलीस बंदोबस्तात बुधवार पेठेतला भिडेवाडा ताब्यात घेतला आणि त्याच रात्री तो पाडूनही टाकला. सकाळी दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांना समोरचा वाडा दिसला नाही. त्यावर पुष्कळ लिहून आले. कुणी म्हणाले, इतिहास जमीनदोस्त झाला. कुणी म्हणाले, एकदाचा स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. मला दोन्ही म्हणणी पटली, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

पुण्यातल्या एका वाड्याचे औंधला बसून काय एवढे, असे आमच्या नात्यातल्या तरुण मंडळींना वाटेल. तर त्याचे उत्तर आधी देते. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, ते आमच्याच खटाव तालुक्यात. आणि सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे खंडाळा तालुक्यातल्या, जिल्हा पुन्हा साताराच. दोन्ही घराणी आमच्या मातीतली, पुण्याने त्यांना आपले म्हटले ते मागाहून. (आणि म्हटले तेही शेणमाती फेकून झाल्यावर!) शिवाय जन्मभर शाळेत फळ्यापुढे उभी राहिलेली बाई आहे मी. ज्या घरात पहिल्यांदा एका मराठी बाईने मुलींना धडे दिले त्या घराची बातमी मला परकी कशी वाटेल?

आता मूळ गोष्ट. १८४८ साली जोतीरावांनी तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तारीख १ जानेवारी मानतात. महिन्याविषयी अभ्यासकांत वाद आहे, सालाविषयी नाही. जोतीराव तेव्हा विशीतले आणि सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या. सुरुवातीला मुली सहा. भिड्यांचे नाव आपण वाड्यामुळे घेतो, पण त्या काळच्या पुण्यात स्वतःचा वाडा असल्या कामाला देणे म्हणजे भाऊबंदांचा, जातवाल्यांचा रोष ओढवून घेणे होते. जागा देणाऱ्याचेही धाडस असते, ते पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते.

पुष्कळांना एक ठाऊक नसते. ही शाळा त्या वाड्यात फार काळ चालली नाही. विरोध इतका झाला की काही महिन्यांतच ती बंद पडली. वडिलांनी घराबाहेर काढले, पैशाची ओढाताण झाली. मग १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. म्हणजे भिडेवाड्याचे महत्त्व तिथे किती वर्षे शाळा भरली यावर नाही. सुरुवात तिथे झाली, एवढ्यावरच आहे.

पुढच्या दीडशे वर्षांत त्या वाड्याचे व्हायचे तेच झाले. मालक बदलले, खाली दुकाने लागली, वर पडझड झाली. अशा भर बाजारातल्या जागेत पोटभाडेकरू, पागडी, जुने करार यांचा गुंता किती असतो ते पेठांत राहिलेल्यांना सांगायला नको. २००६ साली महापालिकेच्या सभेने तिथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला. भूसंपादन निघाले. मालक आणि भाडेकरू कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. ३ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही भाडेकरूंचे म्हणणे फेटाळले आणि जागा सोडायला मुदत दिली. मुदत संपली आणि ती रात्र आली.

ठराव ते कुदळ, सतरा वर्षे! दुकानदारांना खलनायक करायची घाई मला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या गाळ्यावर ज्यांचे पोट होते ते कोर्टात जाणारच, आपणही गेलो असतो. माझी तक्रार वेगळी आहे. भांडणातले घर कुणीच दुरुस्त करत नाही. मालक म्हणतो, उद्या सरकार घेणार, मी कशाला पैसे घालू? भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे. महापालिका म्हणते, अजून ताबा नाही. असा वाडा दर पावसाळ्यात थोडा थोडा खचतो, आणि शेवटी निकाल लागतो तेव्हा राखण्यासारखे फारसे उरलेले नसते. मग "धोकादायक" हा एक शब्द सगळ्या प्रश्नांना पुरतो. इतिहास पाडायला बुलडोझर लागतो असे नाही, नुसता वेळ काढला तरी काम होते.

आणखी एक गंमत. २००६ चा ठराव लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांचा होता. वाडा पडला तेव्हा पुण्यात सभागृहच नव्हते, मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे ज्या वेळी "तिथे नेमके काय उभे करायचे" हे उघड्यावर बोलायला हवे होते, त्या वेळी बोलायला निवडलेली माणसेच जागेवर नव्हती.

हे मला टोचते ते जोतीरावांमुळेच. कारण जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते! १८७६ पासून काही वर्षे, सरकारनियुक्त. बांधकाम ही त्यांना नवलाची गोष्ट नव्हती. त्यांचा ठेकेदारीचा व्यवसाय होता, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. चुना, दगड, मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ. असा माणूस सभेत बसला की काय होते पाहा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारायला हजार रुपये खर्चायची सूचना आली, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे शहरासाठी मोठी दगडी मंडई बांधायचे निघाले. तिथेही त्यांनी हरकत घेतली, आधी शाळा, मग मंडई. मंडई झालीच. १८८६ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले आणि गव्हर्नरच्या नावाने ती रे मार्केट झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचे नाव बदलले. आज ती महात्मा फुले मंडई! ज्या इमारतीला माणसाने विरोध केला तिलाच त्याचे नाव. जोतीराव हसले असते की चिडले असते, कोण जाणे. मला वाटते चिडले असते.

या दोन प्रसंगांत त्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता, या खर्चातून कुणाच्या पोराच्या हाती पाटी येणार? भिडेवाड्याच्या जागी उठणाऱ्या इमारतीला हाच प्रश्न विचारायला हवा. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने तिची पायाभरणी केली. स्मारक म्हटले की आपल्याकडे पुतळा, भित्तिशिल्पे, कारंजे आणि वर्षातून एकदा हार, हे ठरलेलेच. ते नको असे नाही. पण तिथे रोज सकाळी घंटा वाजावी, मुलींचा एखादा तरी वर्ग भरावा, धुणीभांडी करून उरलेल्या वेळात शिकू पाहणाऱ्या पेठेतल्या बायकांना संध्याकाळी दिवा लावून कुणी तरी अक्षरे गिरवायला लावावीत. मूळ वास्तू गेली, ती परत येत नाही. आता जागा उरली आहे, आणि तिथे काय चालते यावरच तिचा मान.

हे मी कुठे शिकले ते सांगते. आमच्या औंधला यमाईच्या डोंगरावर राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उघडले. श्रद्धेची, जुनी जागा ती. तिथे नवे बांधकाम काढायला त्यांना कुणाची मंजुरी लागली नाही, राजाच तो! (पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३९ मध्ये, त्याच राजाने नवी घटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला, ही गोष्ट निराळी.) पण त्या इमारतीला आम्हा औंधकरांनी कधी डोंगरावरचे आक्रमण म्हटले नाही. कारण आत माल होता. रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे, हेन्री मूरचे दगडी शिल्प. शाळेच्या सहली येत राहिल्या, पोरे आ वासून पाहत राहिली. नवी इमारत जुन्या जागेवर शोभते की नाही, हे आत शिरल्यावर कळते, नकाशावर नाही.

उलट नायगावचे उदाहरण घ्या. सावित्रीबाईंचे जन्मघर सांभाळून ठेवले आहे आणि ३ जानेवारीला तिथे लोक लोटतात. पुण्यात गंज पेठेतला फुलेवाडाही राहिला. म्हणजे वाडे राखता येतच नाहीत असे मुळीच नाही. त्या फुलेवाड्याच्या आवारात जोतीरावांनी स्वतःसाठी खड्डा खणून घेतला होता. मृत्यूनंतर दहन नको, मिठात घालून पुरा, अशी त्यांची इच्छा. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. वस्तीत दफन करायला परवानगी मिळाली नाही. शेवटी दहनच करावे लागले, टिटवे सावित्रीबाईंनी धरले, आणि त्या खड्ड्यात नुसत्या अस्थी ठेवल्या गेल्या.

आणि चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठेतली शाळा, वेताळ पेठेतली शाळा? वेताळ पेठेला आता गुरुवार पेठ म्हणतात. त्या तीन जागांसाठी अजून कुणी ठराव केल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. पुण्यातल्या आमच्या मंडळींपैकी कुणी त्या बाजूला गेलेच, तर नेमक्या जागा हुडकून मला अवश्य कळवा.