मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेवढंच, मग जाताना जास्त वेळ का लागतो?

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांमधलं हवाई अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाने न्यूयॉर्कला जायला साधारण १६ तास लागतात, पण परत यायला साधारण १४ ते १५ तासच. असं का होतं? जाणून घेऊया.

वाऱ्याचा खेळ

जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबईकडे येताना हा वारा विमानाला मागून ढकलतो, तर जाताना समोरून अडवतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो आणि वेळेतला फरकही.

मार्ग सरळ का नसतो?

भिंतीवरच्या नकाशात विमानाने सरळ पश्चिमेला जावं असं वाटतं. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वात जवळचा मार्ग उत्तरेकडे वर चढतो. तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, उत्तर अटलांटिक आणि कॅनडावरून जातो.

मात्र प्रत्येक विमानाला या मार्गाने जाता येत नाही. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांची वाट अडवली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त वेळ.

घड्याळाचं गणित

न्यूयॉर्क भारताच्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात.

समजा, जून महिन्यात विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटलं आणि १६ तासांनी उतरलं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. परतताना दुपारी १२ ला निघून साडेचौदा तास उडालात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२ वाजलेले असतील.

तिकिटावरची तारीख नीट वाचा

तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. खरी गडबड होते ती मध्यरात्रीनंतरच्या विमानांची. तिकिटावर '१० जून, ००:३०' असं लिहिलं असेल, तर विमानतळावर ९ जूनच्या रात्रीच पोहोचायला हवं. १० तारखेला रात्री सामान घेऊन गेलात, तर विमान आदल्या रात्रीच उडालेलं असेल!

आई-बाबा पहिल्यांदाच मुलांकडे अमेरिकेला निघाले असतील, तर तारखेसोबत वारही लिहून द्या. 'मंगळवारी रात्री जेवून घरातून निघायचं' असं सांगितलं की घोळ होत नाही.