विझू न दिलेले इंजिन



आपल्याकडे जुन्या घरांत रात्री चूल विझवताना एखादा निखारा राखेखाली जपून ठेवीत. सकाळी विस्तव पेटविण्याचे कष्ट वाचावेत, एवढाच त्यातला हेतू. थंड मुलखातल्या वैमानिकांनीही असाच निखारा जपला आहे. मात्र एके दिवशी तो जपण्यापायी २४ माणसे प्राणांस मुकली. त्या दिवसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९२० नंतरच्या दशकात अलास्कात विमाने हिंडू लागली. तेथे हिवाळ्यात तपमान उणे ४० अंशांपर्यंत उतरते आणि वंगणाचे तेल काकवीसारखे घट्ट होते. म्हणून वैमानिक मुक्कामाला उतरला, की इंजिन गरम असतानाच त्यातले तेल डब्यात काढून घेई आणि घरात शेगडीजवळ ठेवी. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचे आच्छादन टाकून खाली स्टोव्ह पेटवावयाचा आणि मग ऊन तेल आत ओतावयाचे. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात थोडे पेट्रोल मिसळू लागले. त्यामुळे सकाळी इंजिन सहज फिरे आणि तापल्यावर पेट्रोल उडून जाई.

जेट इंजिन आले आणि तेलाची ही यातायात बरीच संपली. पण नवी गरज उभी राहिली. हे इंजिन सुरू करण्यास बहुधा दाबलेल्या हवेचा झोत लागतो. तो शेपटीतले छोटे साहाय्यक इंजिन पुरविते, नाहीतर जमिनीवरचे यंत्र.

१० मार्च १९८९. एअर ओंटारियो कंपनीचे फोकर एफ-२८ जातीचे विमान थंडर बेहून विनिपेगला जाताना कॅनडातील ड्रायडन या लहान गावी थांबले. त्याचे साहाय्यक इंजिन नादुरुस्त होते आणि ड्रायडनच्या विमानतळावर इंजिन सुरू करून देणारे यंत्रही नव्हते. इंजिने विझली असती, तर विमान तेथेच अडकले असते. म्हणून एक इंजिन चालूच ठेवले. प्रवासी आत बसले असतानाच इंधन भरले.

इतक्यात बर्फ पडू लागला. पंखावर सँडपेपरएवढा खरखरीत थर बसला, तरी पंखाची उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते. बर्फ उतरविणारा ग्लायकोलचा द्राव गावात होता. परंतु या विमानाचे इंजिन चालू असताना तो फवारण्यास मनाई होती. द्राव इंजिनात शिरला, तर त्याच्या वाफा प्रवाशांच्या हवेत येतात. नियम योग्यच होता. पण त्याचा अर्थ असा झाला, की बर्फ काढावयाचा तर इंजिन विझवावे लागेल, आणि विझविले तर पुन्हा पेटणार नाही.

विमान तसेच निघाले. उतरणाऱ्या एका छोट्या विमानासाठी ते थोडे खोळंबले. बर्फ पडतच होता. धावपट्टी सोडताच ते पुढच्या झाडीत कोसळले. आत ६९ जण होते. मृतांत दोन्ही वैमानिक होते. प्रवाशांत रजेवरचे दोन वैमानिक बसले होते. पंखावरचा बर्फ त्यांना दिसत होता, तरी कोणी बोलले नाही.

न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांनी चौकशी केली. केवळ कप्तानाला दोषी ठरवून ते थांबले नाहीत. कंपनी आणि सरकारी देखरेख यांच्याही उणिवा त्यांनी उघड केल्या. १९९२ च्या अहवालात १९१ शिफारशी होत्या. त्याच वर्षी २२ मार्चला न्यूयॉर्कमध्ये त्याच जातीचे विमान पडून २७ जण गेले. तेथे बर्फ दोनदा उतरविला होता. मात्र उड्डाणापूर्वी अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला आणि बर्फ पुन्हा साचला.

यानंतर नियम कडक झाले. आज द्राव फवारल्यापासून वेळ मोजतात; इंजिने चालू ठेवून फवारणी करावयाची, तर केबिनकडे जाणारी हवा आधी बंद करतात; इंजिनाच्या पात्यांवर बर्फ नाही, हेही पाहतात.

निखारा जपणे शहाणपणाचे खरे. पण त्या निखाऱ्यासाठी छपराकडे दुर्लक्ष झाले, तर घरच जाते. ड्रायडनला एक यंत्र नव्हते, एक दुरुस्ती लांबली आणि एक शब्द ओठांतच राहिला. यांपैकी एकच गोष्ट वेळेवर झाली असती, तर कदाचित ती २४ माणसे त्या दिवशी घरी पोहोचली असती.