फोटोखाली काय लिहायचं?

कामोठ्यात आठवीला इतिहास शिकवताना पाठ्यपुस्तकाच्या जोडीला मी एक शेअर्ड अल्बम वापरते. प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो टाकायचा आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: कुठला, कधीचा, आणि हे तुला कोणी सांगितलं. तिसरी गोष्ट पोरांना जाच वाटते. माझ्या लेखी इतिहास तिथूनच सुरू होतो.

कल्पना माझी नाही. २००४ साली फ्लिकर आलं, तेव्हा फोटोवरच चौकट आखून टीप लिहिता यायची. जानेवारी २००८मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिथे तीन हजारांहून अधिक जुने फोटो ठेवले, आणि बघणाऱ्यांनी जागा, माणसं ओळखून ग्रंथालयाच्या नोंदी दुरुस्त केल्या. मुंबईत तर १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ दरमहा निघत होता. एका अंकात तीन खरेखुरे फोटो. त्यात इथल्या जातीजमातींची माणसं आपापल्या पोशाखात उभी आहेत. खाली बहुतेकदा जमातीचं नाव असतं, माणसाचं नाही.

आमच्या अल्बममध्ये नावं भरपूर आहेत, पण ती कोणाची? बहुतेक फोटो सोसायट्यांमधल्या घरांतून आले: सातारा, जळगाव, लग्नं, गणपती. मूळ गावातल्या मुलांकडून जवळपास काहीच नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. तेव्हा भाताच्या खाचरात कॅमेरा घेऊन कोण उभं राहणार होतं? जानेवारी १९८४च्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांचं नाव मुलांना ठाऊक असतं ते विमानतळामुळे.

मग एका मुलीने सातबाऱ्याचा फोटो टाकला. पणजोबांचं नाव, पीक भात. तिसऱ्या रकान्यात: ‘आजीने बोट ठेवून दाखवलं.’ हा ‘जुना फोटो’ धरायचा का, यावर वर्गात तासभर भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. (आवाज ऐकून शेजारच्या वर्गाचे सर मात्र डोकावून गेले.)

पुढच्या रविवारी ती आजीला घेऊन शेत शोधायला निघाली. गावातल्या देवळापासून अंदाज घेत आजी चालली आणि एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये थांबली. आजीला विचारूनच नातीने फोटो काढला आणि थेट अल्बममध्ये टाकला. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटोतली जागेची आणि वेळेची नोंद गळून जाते, हे आता त्यांना पाठ झालंय. अल्बम मी वर्गापुरताच ठेवला आहे, पालकांची परवानगी घेऊन.

संध्याकाळी त्याच सोसायटीतल्या एका मुलाने खाली लिहिलं: ‘मी इथेच तिसऱ्या मजल्यावर राहतो. आजी, तुमची विहीर कुठे होती?’

आजी पुन्हा येणार आहे. तिचं म्हणणं, विहीर बहुतेक लिफ्टच्या बाजूला.