शाहिद (चित्रपट)

मुंबईतील फौजदारी वकील शाहिद आझमी (1977–2010) यांच्या जीवनावरील हिंदी चरित्रपट. दिग्दर्शक हंसल मेहता, प्रमुख भूमिका राजकुमार राव. सप्टेंबर 2012 मध्ये टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि 18 ऑक्टोबर 2013 रोजी भारतात प्रदर्शित झाला. तुरुंगवास भोगलेला तरुण सुटल्यावर वकील होतो आणि दहशतवादाच्या खटल्यांत अडकलेल्या गरीब आरोपींची बाजू मांडतो, असा त्याचा विषय आहे.

पार्श्वभूमी : आझमी गोवंडी परिसरात वाढले. 1992–93 च्या मुंबई दंगलींची झळ त्यांनी किशोरवयात अनुभवली. 1994 मध्ये राजकीय नेत्यांच्या हत्येच्या कटाच्या आरोपावरून त्यांना ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा कबुलीजबाबाचा होता. तो आपण दिलेलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पाच वर्षांची शिक्षा झाली. दिल्लीच्या तिहार तुरुंगात असतानाच त्यांनी पुढील शिक्षण सुरू केले आणि सुटकेनंतर कायद्याची पदवी घेतली. काही काळ वकील मजीद मेमन यांच्याकडे उमेदवारी करून ते स्वतंत्रपणे वकिली करू लागले. 2002 चा घाटकोपर बसस्फोट, 2006 चे मुंबई उपनगरी रेल्वेतील आणि मालेगावातील बाँबस्फोट, औरंगाबाद शस्त्रसाठा अशा खटल्यांत त्यांनी आरोपींची वकीलपत्रे घेतली. सुमारे सात वर्षांच्या वकिलीत त्यांनी 17 आरोपींना निर्दोष सोडवले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. त्या वेळी ते 26/11 च्या (2008 मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या) खटल्यात आरोपी फहीम अन्सारी यांचा बचाव करत होते. त्याच वर्षी 3 मे रोजी विशेष न्यायालयाने अन्सारी यांना त्या खटल्यातून मुक्त केले. हा निर्णय पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

कथानक व मांडणी : चित्रपट हत्येच्या प्रसंगापासून सुरू होतो. शेवट प्रेक्षकाला आधीच कळलेला असल्याने पुढील कथेत उत्कंठा ‘काय होणार’ याची राहत नाही. हा माणूस या कामाकडे कसा वळला, हे पाहण्याची राहते. दंगल, काश्मीरमधील दहशतवादी प्रशिक्षण छावणी आणि तिथून परतणे, अटक, पोलीस कोठडीतील छळ हे टप्पे थोडक्यात उरकले आहेत. तिहारमध्ये एकीकडे सहकैदी ओमर शेख शाहिदला जहाल मार्गाकडे ओढू पाहतो, तर दुसरीकडे आणखी एक सहकैदी ‘वॉर साहेब’ (के. के. मेनन) शिक्षणाचा मार्ग दाखवतात. थोरला भाऊ आरिफ (मोहम्मद झीशान अय्यूब) घरखर्चाचा भार उचलतो. अशील म्हणून आलेल्या मरियमशी (प्रभलीन संधू) शाहिदचा विवाह होतो. पुढे धमक्या आणि कामाचा ताण यांमुळे संसारात तेढ येते.

सर्वांत समृद्ध भाग न्यायालयातील आहे. हिंदी चित्रपटांत रूढ असलेले भव्य दालन आणि टाळ्या घेणारी भाषणे येथे नाहीत. कोंदट खोली, फायलींचे गठ्ठे, एकमेकांचे बोलणे तोडणारे वकील, कंटाळलेले न्यायाधीश आणि पुढची तारीख यांतून खटला सरकतो. शाहिदचा युक्तिवाद भावनेवर उभा नसतो. साक्षीदाराच्या जबाबातील विसंगती आणि पंचनाम्यातील त्रुटी उलटतपासणीत बाहेर काढणे ही त्याची पद्धत आहे. निकाल लागेपर्यंत कच्च्या कैद्याची वर्षे तुरुंगात जातात, हे चित्रपट वेगळे न सांगता तारखांमधून दाखवतो. न्यायालयाबाहेर शाहिदच्या तोंडाला काळे फासले जाते. ‘दिल पे मत ले यार’ (2000) या चित्रपटातील संवादावरून स्वतः मेहता यांनाही अशाच प्रसंगाला सामोरे जावे लागले होते.

तुलना : याच धाटणीचा जगभर गाजलेला चित्रपट म्हणजे नॉर्मन ज्युइसन यांचा ‘द हरिकेन’ (1999). त्याचे नायक, न्यू जर्सीतील मुष्टियोद्धा रुबिन कार्टर यांना 1966 मधील तिहेरी खुनाबद्दल 1967 मध्ये आणि फेरखटल्यात 1976 मध्ये दोषी ठरवले गेले. 1985 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ती दोषसिद्धी रद्द केली. सुटकेनंतर कार्टर यांनी कॅनडात चुकीने दोषी ठरवलेल्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे नेतृत्व केले. ‘द हरिकेन’चा भर मात्र नायकाच्या स्वतःच्या सुटकेवर आहे आणि सुटकेशीच कथेची सांगता होते. ‘शाहिद’मध्ये सुटका हा आरंभ आहे, न्यायाचा लढा दुसऱ्यांसाठी आहे. ‘द हरिकेन’वर वस्तुस्थिती बदलल्याची टीका झाली. 1964 ची लढत पंचांच्या पक्षपातामुळे कार्टर हरले असे त्यात दाखवल्याबद्दल त्यांचे प्रतिस्पर्धी जोई जिआर्डेलो यांनी दावाही लावला होता. ‘शाहिद’ नायकाच्या काश्मीरला जाण्याचा भाग वगळत नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्या निर्णयामागची मनोवस्था घाईने आटोपली आहे.

सन्मान व परिणाम : 61 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मेहता यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा, तर राव यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार (सुरज वेंजारमूडू यांच्यासह विभागून) मिळाला. या यशाने मेहता यांच्या कारकिर्दीला नवे वळण मिळाले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांच्यावरील ‘अलीगढ’ आणि दहशतवादी ओमर शेखवरील ‘ओमेर्ता’ हे त्यांचे पुढील चित्रपट याच वाटेवरचे आहेत. मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयांचे असेच निरलंकृत चित्रण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या मराठी चित्रपटात आढळते. त्यात एका लोकशाहिरावरील खटला केंद्रस्थानी आहे. आझमी यांनी लढवलेल्या खटल्यांपैकी मालेगाव प्रकरणातील मुस्लिम आरोपींना 2016 मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले.