कार्नितास: कढईतून कुकरात

“किती शिट्ट्या?” हा आपल्याकडे कुकरात शिजणाऱ्या कुठल्याही पदार्थाबद्दलचा पहिला प्रश्न. मेक्सिकन पाककृतीत त्याला उत्तर नसतं. वाफ धरली की आच कमी करा आणि चाळीस मिनिटं थांबा, एवढंच तिथे सांगितलेलं असतं. आमच्या घरात दोन कुकर आहेत, एक वरणभाताचा आणि एक ‘तसल्या’ गोष्टींचा. त्या दुसऱ्या कुकरात मी पहिल्यांदा डुकराचा खांदा लावला तेव्हा मिनिटं मोजायची की शिट्ट्या, यातच गोंधळ उडाला. वसईच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, शिट्टी होऊच देऊ नकोस. आच बारीक कर आणि आपल्या कामाला लाग. पाणीही घालू नकोस, त्याला स्वतःचंच सुटतं.” मी अर्थातच पेलाभर पाणी घातलं. झाकण उघडलं तर मांस इतकं मऊ की काटा लावला की धागे धागे व्हावेत, पण ते करड्या पाण्यात पोहत होतं आणि चव आजाऱ्याच्या सूपसारखी. कार्नितास या मेक्सिकन पदार्थाच्या नावाने मी जे खाल्लं होतं त्याचा एकच गुण त्यात उतरला होता.

बाकीचे गुण कुठे गेले हे समजायला या पदार्थाचं कूळ बघावं लागतं.

मेक्सिकोत मुळात डुक्करच नव्हतं. मका होता, मिरची होती, टोमॅटो, घेवडा, टर्की होती. रानात डुकरासारखा दिसणारा पेकरी होता. पाळीव डुक्कर नाही, गाय नाही, शेळी नाही, त्यामुळे पदार्थ बुडवून तळण्याइतकी चरबी कुणाच्या स्वयंपाकघरात असण्याचा प्रश्न नव्हता. उकडणं, वाफवणं, निखाऱ्यात भाजणं आणि कोमाल नावाच्या मातीच्या तव्यावर शेकणं, यांवर तो सगळा स्वयंपाक उभा होता. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांपैकी ला गोमेराहून आठ डुकरं जहाजावर चढवली, असं लास कासास या धर्मगुरूने नोंदवून ठेवलंय. ती कॅरिबियन बेटांवर बेसुमार वाढली आणि तिथून स्पॅनिश सैन्याच्या मागोमाग मुख्य भूमीवर उतरली. १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पाडल्यावर स्पॅनिश सेनापती कोर्तेसने कोयोआकानला विजयाची मेजवानी दिली. तिच्यासाठी क्यूबाहून डुकरं आणि स्पेनहून दारू आली होती. बेर्नाल दियास हा त्याचा शिपाई, त्याने म्हातारपणी लिहिलेल्या बखरीत ही हकिकत येते. जगातले पहिले कार्नितासचे टाको तिथेच खाल्ले गेले, असं मेक्सिकोत हौसेने सांगतात. दियासने असं काही म्हटलेलं नाही. ही मेजवानी झाली नसती तर बरं, इतका त्याला तिथल्या धिंगाण्याचा उबग आला होता.

अशीच एक हौशी व्युत्पत्ती ‘कोचिनो’ म्हणजे डुक्कर या शब्दाची. तिथल्या नावात्ल भाषेत ‘कोची’ म्हणजे झोपतो. दिवसभर लोळणारा प्राणी पाहून स्थानिकांनी त्याला झोपाळू म्हटलं आणि त्यावरून कोचिनो, अशी गोष्ट. ऐकायला झकास, पण कोलंबस निघण्याच्या आधीपासून हा शब्द स्पेनमध्ये होता. कार्नितास शब्दात मात्र काही गूढ नाही. कार्ने म्हणजे मांस, त्याचं लडिवाळ रूप कार्निता, त्याचं अनेकवचन कार्नितास. आपण घराचं घरकुल करतो तसंच. मेक्सिकन माणूस लाडाने सगळ्याच शब्दांना शेपूट लावतो, अगदी ‘आत्ता’लासुद्धा.

त्याच शतकात आपल्याकडे काय चाललं होतं? १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या मांसाचं, ‘विन्या द आल्योश’चं, गोव्यात विंदालू झालं, कारण अमेरिकेतून निघालेली मिरची तोवर जहाजाने इथे पोचली होती. तिकडे मिरची घरची आणि डुक्कर पाहुणं, इकडे डुक्कर घरचं आणि मिरची पाहुणी.

आता भांडं. कार्नितासचं माहेर म्हणजे मेक्सिकोच्या पश्चिमेचं मिचोआकान राज्य. तिथलं किरोगा हे गाव कार्नितासच्या दुकानांसाठीच ओळखलं जातं. गावाला नाव मिळालं ते वास्को दे किरोगावरून. हा माणूस १५३१ साली न्यायाधीश म्हणून मेक्सिकोत आला आणि पुढे मिचोआकानचा पहिला बिशप झाला. पात्स्क्वारो तळ्याभोवतीच्या गावांना त्याने एकेक कसब वाटून दिलं, असं तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. लोक अजून त्याला ‘ताता वास्को’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ आपलं ‘तात्या’. यातलं तांब्याचं काम सांता क्लारा देल कोब्रे या गावाकडे आलं. पण श्रेय सगळं बिशपला देणं बरोबर नाही. त्या भागातले पुरेपेचा लोक स्पॅनिश येण्याआधीच तांबं वितळवत होते, त्याच्या घंटा आणि कुऱ्हाडी करत होते. युरोपातून आली ती मोठी भांडी घडवण्याची पद्धत.

सांता क्लाराचे कारागीर तांब्याचा लालबुंद गोळा ऐरणीवर धरतात आणि तीन-चार जण भोवती उभे राहून आळीपाळीने घण घालतात. ठोका चुकला तर शेजाऱ्याच्या घणावर घण. हल्ली तांबं बरंचसं भंगारातलं, जुन्या विजेच्या तारांचं असतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून सकाळी गेलेल्या माणसाला हा आवाज नवा नाही. सांता क्लारातून जो ‘कासो’ बाहेर पडतो तो दिसायला आपल्या लग्नघरातल्या मोठ्या कढईसारखा: खोलगट बूड, रुंद तोंड, दोन कान. तांबं उष्णता झटकन आणि सगळीकडे सारखी पसरवतं. चाळीस-पन्नास किलो मांस एकदम शिजवायचं आणि तळाला लागू द्यायचं नाही, तर याहून चांगला धातू नाही.

कासोत घडतं ते असं. आधी मान्तेका, म्हणजे डुकराची कढवलेली चरबी, वितळवायची. त्यात मांसाचे बुक्कीएवढे तुकडे सोडायचे, चिवट भाग आधी, कोवळे नंतर. वरून कातडीची चादर पांघरायची. मीठ घालायचं. रंगासाठी कुणी संत्री पिळतं, कुणी दूध ओततं, कुणी सरळ कोकाकोलाची बाटली उपडी करतं. लाकडी वल्ह्याने हळूहळू हलवत दोन-तीन तास जातात. वरवर पाहता हे तळण, पण सुरुवातीला बराच वेळ आत तळण होतच नाही. मांसात पाऊण भाग पाणी असतं. ते बाहेर पडून वाफ होत राहतं तोवर मांस काही पाण्याच्या उकळबिंदूच्या वर तापत नाही. चरबीच्या पांघरुणाखाली ते शिजत असतं. खांद्याचं मांस म्हणजे जन्मभर चाललेल्या जनावराचं राबलेलं मांस, त्यात कोलॅजेनचे पडदे असतात, ते विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला हा वेळ लागतो. पाणी सरत आलं की मग आच वाढते आणि त्याच चरबीत बाहेरून सोनेरी पापुद्रा धरतो. शिजवणं आणि तळणं, दोन्ही एकाच भांड्यात, भांडं न बदलता.

दुकानात मांसाचा भाग नाव घेऊन मागावा लागतो. मासिसा म्हणजे निव्वळ मांस, कुएरितोस म्हणजे कातडी, बुचे म्हणजे पोट, सुर्तिदा म्हणजे सगळ्याची मिसळ. ‘नाना’ म्हणजे गर्भाशय. मराठी माणसाने मेक्सिकोत आपल्या नानांची ओळख करून देताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं. विक्रेता मागितलेला तुकडा झाडाच्या बुंध्याच्या ठोकळ्यावर टाकतो आणि जड सुऱ्याने खटाखट तोडतो. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, साल्सा, खाली मक्याची तोर्तिया. या सगळ्यात काट्याने धागे काढण्याचा प्रकार कुठेच नाही. मांस तोडलेलं असतं, पिंजलेलं नसतं.

मग पिंजलेलं मांस आलं कुठून? मेक्सिकन स्वयंपाकात पिंजण्याला वेगळं क्रियापद आहे, ‘देसएब्रार’, धागे सोडवणं. ते तिंगासारख्या पदार्थांचं. उकडलेल्या मांसाचे धागे करून टोमॅटो, कांदा आणि धुरावलेली मिरची यांच्या रश्शात परततात. तिंगाचं घर पुएब्ला, म्हणजे कूळच निराळं. या दोन कुळांची सोयरीक जुळवली कुकरने.

कुकरचा मूळपुरुष दनी पापँ. फ्रान्समधल्या ब्ल्वाचा प्रोटेस्टंट, १६४७ चा जन्म. १६७९ मध्ये लंडनला त्याने ‘डायजेस्टर’ दाखवला: जाड धातूचं घट्ट झाकणाचं भांडं. त्याचा डोळा मांसावर नव्हता, हाडांवर होता. फेकून दिलेल्या हाडांचं गरिबांसाठी अन्न करावं, अशी त्याची कल्पना. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणावर वजन ठेवलेली झडप बसवली. आपल्या कुकरची शिट्टी हिचीच वंशज. आत किती तापलंय हे कळायला तो झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकी आणि तो आटायला किती वेळ लागतो ते लंबकाच्या झोक्यांवर मोजी. शिट्ट्या मोजणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे पटकन कळेल. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण मिळालं, आणि त्यांच्यातल्या जॉन एव्हलिनने त्या मऊ झालेल्या हाडांबद्दल रोजनिशीत कौतुकाने लिहिलं. पापँ स्वतः मात्र पुढे हलाखीत आणि विस्मरणात गेला.

स्पॅनिश घरांत हे भांडं आलं ते ‘ओया एक्स्प्रेस’ या नावाने. सारागोसाच्या होसे आलिश मार्तिनेस याने त्याचं पेटंट घेतलं आणि १९२४ साली त्यासाठी ३६० पाककृतींचं पुस्तकही काढलं. आगगाडीसारखं वेगवान भांडं, म्हणून एक्स्प्रेस. मेक्सिकोत आजही हेच नाव. आणि तिथे त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच, तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. घेवडा मातीच्या भांड्यात शिजवायला अर्धा दिवस. कुकरमध्ये हवेच्या दाबावर आणखी एका वातावरणाएवढा दाब चढला की आतलं पाणी मुंबईत १२० अंशांवर जातं, मेक्सिको शहरात त्याहून तीन-चार अंश खाली, पण ९३ पेक्षा बरंच वर. कोलॅजेन विरघळायला जिथे तीन तास, तिथे पाऊण तास पुरतो. पुढे १९५९ पासून भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज आले आणि ‘कुकर लावणे’ हे मराठी क्रियापद झालं.

पण दाबाखाली झाकण बंद असतं, आणि कार्नितासचा अर्धा जीव पाणी निघून जाण्यात आहे. कुकरमधलं पाणी जाणार कुठे? वाफ होऊन पुन्हा मांसावरच पडतं. १२० अंशांवर तपकिरी रंग फारसा चढत नाही, त्याला १४० च्या पुढे आणि कोरडं पृष्ठ लागतं. म्हणून कुकरमधून निघतं ते पापुद्र्याशिवायचं, सगळे बंध सुटलेलं मांस. त्याला सुऱ्याने तोडायला गेलं तर चिखल होतो. मग काट्याने पिंजायचं. माझं मत असं, की ज्या पदार्थाला आज जगभर ‘मेक्सिकन पिंजलेलं पोर्क’ म्हणतात, त्याचे धागे मिचोआकानचे नाहीत, झाकणाचे आहेत. सीमेपलीकडच्या अमेरिकन घरांनी आणि उपाहारगृहांनी ते धागे पोळीत गुंडाळायला सोयीचे म्हणून उचलून धरले. २०१० मध्ये ओटावात इन्स्टंट पॉट निघाला तेव्हा ही पाककृती त्याच्यासाठीच लिहिल्यासारखी त्याला चिकटली. (त्या यंत्राला शिट्टी नाही. परदेशी गेलेल्या आपल्या आयांना त्याचा विश्वास वाटत नाही तो यामुळेच.)

मधली वाट डायना केनेडीने बरीच आधी दाखवली होती. ही इंग्रज बाई आयुष्यभर मेक्सिकोभर हिंडून पाककृती जमवत राहिली आणि शेवटी मिचोआकानमधल्याच सितॅक्वारोजवळ २०२२ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारली. १९७२ च्या तिच्या पहिल्या पुस्तकात घरगुती कार्नितास आहेत. त्या कृतीत चरबीचं पिंपही नाही आणि कासोही नाही. चरबीसकट मांस पाण्यात उघडं उकळायचं, पाणी संपेपर्यंत, आणि मग त्याने स्वतः सोडलेल्या चरबीत ते परतायचं.

हेच कुकरनंतर करायचं. दुसऱ्या खेपेला मी मैत्रिणीचं ऐकलं, पाणी घातलं नाही. किलोभर खांदा, चरबी न काढता, मीठ, लसूण, तमालपत्र, एका संत्र्याचा रस आणि सालाचे दोन तुकडे. बारीक आचेवर चाळीस मिनिटं. वाफ जिरल्यावर सगळं, पाण्यासकट, रुंद लोखंडी कढईत ओतलं. मांस अजिबात पिंजलं नाही, मोठे तुकडे तसेच. आधी नुसती रटरट. वर फेस, खाली खळबळ. वीसेक मिनिटांनी बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. मग मध्येच आवाज बदलला, रटरट थांबून चुरचुर सुरू झाली, आणि कढईत पाणी नव्हतं, नुसती वितळलेली, नितळ चरबी होती. तुकडे एकेका बाजूला पाच मिनिटं हात न लावता ठेवले. उलटताना खालची बाजू तांबूस, कडा कुरकुरीत. आता काटा लावला तर धागे निघत होते, पण प्रत्येक धाग्याला टोकाला एक करकरीत गाठ होती.

घरात मक्याच्या तोर्तिया नव्हत्या. तांदळाच्या भाकरीवर घातलं.