प्रल्हाद शिंदे : पेणच्या कारखान्यात आणि रोह्याच्या वस्तीत

२३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, पेणमधल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो तिथल्या फळ्यावर मी लिहिले, ‘भक्तिगीतांचे गायक प्रल्हाद शिंदे यांचे निधन’. शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते आणि बाहेर धो धो पाऊस होता. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी फळ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. ती मूळची रोहा तालुक्यातली, शिकायला पेणला मामाकडे राहिलेली. मला म्हणाली, “सर, ते आमचे पण गायक होते.” ‘आमचे’ म्हणजे कोणाचे, हे मला कळले आणि मी गप्प राहिलो. फळा दिवसभर तसाच राहिला. त्यात खोटे काही नव्हते, पण ते अर्धे होते.

त्या अर्ध्याच्या शोधात मी नंतर बरीच वर्षे पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत, जमेल तसा, शिंदे ऐकणाऱ्या माणसांशी बोलत राहिलो. हा लेख त्यांच्या आठवणींवर उभा आहे. भावगीत गायकांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. लग्नमांडवात, गणपतीत आणि जयंतीला ज्यांचा आवाज सर्वांत जास्त वाजला, त्यांच्याविषयी लिहिताना मात्र आपली लेखणी दोन परिच्छेदांत थांबते. माझीही थांबत होती.

सुरुवात पेणपासून करतो, कारण मी तिथला. पेण म्हणजे गणपतीचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवधर घराण्याने इथे मूर्तिकाम नावारूपाला आणले. पुढे ते शहरातून हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांत पसरले. आता दरवर्षी लाखो मूर्ती इथून मुंबईला, देशभर आणि परदेशात जातात. आम्ही याला ‘कारखाना’ म्हणतो. बाहेरच्याला वाटते चिमणी असेल, धूर असेल. असतो तो एक लांबट मांडव किंवा पत्र्याची शेड, फळ्यांवर ओळीने ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती, आणि कोपऱ्यात वाजणारे काहीतरी.

ते ‘काहीतरी’ १९८०नंतरच्या दशकात बहुधा टेपरेकॉर्डर असे. हमरापूरकडचे एक मूर्तिकार, आता सत्तरीच्या घरातले, मला सांगत होते, “आषाढापासून रात्रपाळी. डोळा लागू नये म्हणून टेप. रेडिओ रात्री बंद व्हायचा, टेप आपल्या हातातला.” प्लॅस्टरची भुकटी यंत्रात जाऊन कॅसेट रडू लागे, म्हणून टेप दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवत. फीत अडकली तर पेन्सिल घालून फिरवायची, तुटली तर चिकटपट्टीने जोडायची. त्या जोडामुळे शिंदे यांच्या गणपतीच्या एका गाण्यात दोन शब्द गळले होते. “आमच्या पोरांना ते गाणं तसंच पाठ झालं. पुढं दुसरीकडं ऐकलं तर म्हणाली, यांनी मध्ये काय घातलंय?”

ते गाणे अर्थातच ‘तूच सुखकर्ता’. अनेकांची इथे गल्लत होते, म्हणून सांगतो. आरतीच्या वेळी आपण म्हणतो ती रामदासांची रचना वेगळी. शिंदे यांनी गायलेले हे गीत हरेंद्र जाधव यांचे. जाधव पेशाने शिक्षक. त्यांनी गणपतीची गाणी लिहिली तशीच बाबासाहेबांवरही भरभरून लिहिली. म्हणजे गायक एका बाजूचा आणि गीतकार दुसऱ्या बाजूचा असेही नाही. दोघेही दोन्हीकडचे. ‘आता तरी देवा’ हे दुसरे अफाट गाजलेले गाणेही याच जोडीचे. कारखान्यातल्या कोणालाही मी विचारले तरी गीतकाराचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. याचा दोष मी त्यांना देत नाही, मलाही ते चाळिशीनंतर कळले.

कॅसेटने काय केले हे एका वाक्यात सांगितले पाहिजे. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतापुरते दाखवून दिले, की स्वस्त कॅसेट आली आणि एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीची सद्दी संपून स्थानिक आवाजांना बाजार मिळाला. आपल्याकडे शिंदे घराण्याचा इतिहास याच वळणाचा आहे. प्रल्हाद शिंदे रेकॉर्डच्या जमान्यातले, पण घराघरांत शिरले ते कॅसेटमुळे. त्यांची मुले आनंद आणि मिलिंद तर पूर्णपणे कॅसेटयुगाची. नातू आदर्श आता चित्रपटांतून गातो. तीन पिढ्या, तीन यंत्रे.

आता रोह्याकडे. दिव्याहून निघणारी रेल्वे पेण, कासू, नागोठणे करत १९८६ साली रोह्यापर्यंत आली. त्या गाडीने मी त्या मुलीच्या वडिलांना भेटायला गेलो, तोवर ती कॉलेजात गेली होती. कुंडलिका ओलांडून पुढे बऱ्याच आत त्यांची वस्ती. विहारात सतरंजी घातली, चहा आला, आणि ते मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही फळ्यावर लिहिलेलं पोरीनं सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, गुरुजींनी नाव तरी लिहिलं.” मला ओशाळायला झाले, पण ते हसत होते.

इथल्या आठवणींचा ऋतू वेगळा. कारखान्यातला शिंदे आषाढ-श्रावणातला, तर वस्तीतला एप्रिल-मेचा. कोकणातल्या गावांत भीमजयंती १४ एप्रिलला संपत नाही. मुंबईकर मंडळी मे महिन्यात सुट्टीवर येतात, तेव्हा गावोगाव तारखा लावून जयंती होते. कर्णा झाडाला बांधायचा, दुपारपासून गाणी सुरू, रात्री गायन पार्टी. पार्टीत दोन बाजू, सवाल-जवाब, कव्वालीचा ठेका, टाळ्या. गावातली पार्टी गाणार ती चाल बहुतेक वेळा कॅसेटवरून उचललेली. “आमचा गाणारा शिंद्यांसारखी तान घ्यायला जायचा आणि खोकायचा,” असे एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले. त्या पुढे म्हणाल्या, “तरी आम्ही वन्स मोअर द्यायचो. नवरा होता माझा.”

एकाने त्यांना मुंबईत, चाळीच्या चौकात, गर्दीच्या शेपटाला उभे राहून ऐकले होते. चेहरा दिसला नव्हता. “पण आवाज पार मागं येत होता, माईक नसता तरी आला असता.” हे अतिशयोक्त असेल, तरी मला त्यात तथ्य वाटते. हा गळा उघड्यावर, वाऱ्यात, गर्दीच्या डोक्यावरून गाण्यासाठी कमावलेला होता.

तो कसा कमावला गेला? शिंदे यांचा जन्म १९३३चा, मंगळवेढ्याचा. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई भजन-कीर्तन करीत, आणि लहानगा प्रल्हाद त्यांना साथ करी. पुढे मुंबईत आल्यावर सुरुवातीच्या काळात कव्वाल इस्माईल आझाद यांच्या साथीला ते कोरसमध्ये गात. १९५८च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने देशभर गाजले ते हे आझाद. कीर्तनातून आलेला लांब, आर्त सूर आणि कव्वालीतून आलेली फेक, दोन्ही एका गळ्यात उतरली. पुढे भीमगीतांनी त्याला सभेचा खणखणीतपणा दिला असावा, असे मला वाटते. मी संगीतातला जाणकार नाही, पण त्यांचे विठ्ठलाचे कोणतेही गाणे ऐका, अंतऱ्याच्या शेवटी शब्द हवेत फेकून समेवर येण्याची ती तऱ्हा देवळातली नाही.

मंगळवेढे हे नाव घेतले की चोखोबा आठवतात. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते तिथेच गेले. त्यांची समाधी पंढरपूरला, विठ्ठल मंदिराच्या दाराशी, पायरीजवळ आहे. म्हणजे बाहेर. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते मंदिर सर्वांना खुले झाले मे १९४७मध्ये. दलित समाजात जन्मलेले प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्याच्या गाण्याने महाराष्ट्र आषाढीला पहाटे जागा होतो, त्याच्या लहानपणी त्या देवळाचा उंबरा त्याच्या माणसांना बंद होता. ‘पाऊले चालती’ ऐकताना ही तारीख मला आता विसरता येत नाही.

आणि पेण-रोह्याच्या माणसांना दुसरी एक तारीख विसरता येत नाही. २० मार्च १९२७, महाडचे चवदार तळे. त्या परिषदेचे नावच कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होते, आणि कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा, १९८१पासूनचा रायगड. दर २० मार्चला इकडून एसट्या, टेम्पो भरून महाडला जातात. तिथल्या पालांत पुस्तके, निळे झेंडे, फोटो आणि गाण्यांच्या कॅसेटी, पुढे सीड्या. मी तिथे शिंदे यांची भीमगीते विकत घेतली. तोवर त्यांची जी गाणी माझ्या घरी होती त्यांच्या वेष्टनावर मोदक हातात घेतलेला गणपती होता. गावातल्या दुकानात मला हे दुसरे वेष्टन कधी दिसले नव्हते, किंवा मी पाहिले नव्हते.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. ऑक्टोबर १९५६मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. मग ज्या वस्तीने ती घेतली, तिचा लाडका गायक गणपतीचे सर्वांत गाजलेले गाणे गातो, हे ती कसे सोसते? मी विहारात हे विचारले तेव्हा थोडी शांतता झाली. एक जण म्हणाला, “पोटासाठी.” दुसरा म्हणाला, “कंपनी जे देईल ते गायक गातो.” दोन्ही उत्तरे मला अनेक ठिकाणी मिळाली आहेत. ती खोटी नाहीत. गाण्यावर जगणाऱ्याला गणपतीचा हंगाम सोडता येत नाही, मूर्तिकारालाही येत नाही.

पण मला ती अपुरी वाटतात. ज्याचे बालपण आई-बापांच्या कीर्तनात गेले, त्याच्या गळ्यातला विठ्ठल कंपनीने दिलेला नाही. तो चोखोबांच्या गावातून आलेला आहे आणि त्यात हक्काचा भाग आहे. शिंदे यांचे विठ्ठलगीत दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. कारखान्यात ते निव्वळ भक्ती म्हणून ऐकले जाते आणि वस्तीत निव्वळ पोटासाठी म्हणून माफ केले जाते. दोन्हीकडचे प्रेम खरे आहे, आणि दोघांनीही गायकाचा अर्धा भाग बाजूला ठेवला आहे. रोह्याच्या त्या वडिलांनीच मला निघताना सांगितले, “गणपतीत रोह्याच्या बाजारात त्यांचं गाणं लागतं ना, मी थांबतो. बायको म्हणते चला. मी म्हणतो, देवाला नाही थांबलो, आवाजाला थांबलोय.”

२००४चा तो उन्हाळा वस्तीत लोक वेगळ्या रीतीने लक्षात ठेवतात. १५ मेला वामनदादा कर्डक गेले, महिना-सव्वा महिन्यात शिंदे गेले. “एक लिहिणारा, एक गाणारा,” असे म्हणून तिथे बोटे मोडतात. पेणमध्ये वामनदादांचे नाव कारखान्यात कोणी घेतले नाही. एकीकडे लग्न, जन्म, घरबांधणी यांची वर्षे या दोन मरणांवरून मोजली जातात, दुसरीकडे “ते गेले? कधी?” असे विचारले जाते. आवाज चालू असल्यामुळे माणूस गेल्याचे कळतच नाही. मूर्तिकारांच्या शेडमध्ये शिंदे आजही दर श्रावणात हजर असतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी पुन्हा हमरापूरला त्याच कारखान्यात गेलो. टेप गेला, आता मुलाचा मोबाइल आणि त्याला जोडलेला छोटा स्पीकर. म्हाताऱ्यांचे हात अजून स्थिर आहेत, म्हणून डोळ्यांची आखणी त्यांच्याकडेच. मी त्यांना विचारले, शिंद्यांची भीमगीते कधी ऐकलीत का? “नाय ओ, ती कुठं मिळतात?” माझ्या मोबाइलवर होती. मी लावली. ते एका मूर्तीचा डावा डोळा करत होते, कुंचला मूर्तीपासून वीतभर लांब धरून ऐकत राहिले. मुलगा बापाकडे बघत होता. कडवे संपले.

“आवाज तोच,” ते म्हणाले. मग कुंचला रंगात बुडवून, “थांबवा जरा, उजवा डोळा करतो. मग पहिल्यापासून लावा.”