मंडळीतील नैतिक उत्तरदायित्व (ख्रिस्ती)

ख्रिस्ती श्रद्धावंताने आपल्या वर्तनाचे उत्तर देवापुढे जसे द्यायचे, तसेच सहश्रद्धावंतांपुढेही द्यायचे, ही चर्चजीवनातील रीत. प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांत ती ‘मंडळीची शिस्त’ या नावाने ओळखली जाते आणि पाळक व वडील तिची अंमलबजावणी करतात. कॅथलिक धर्मग्रामांत तिचे मुख्य रूप प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूपुढील पापनिवेदन, हे आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक केले.

रीतीचा पाया मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात आहे. चुकलेल्या भावाला आधी एकांतात गाठावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही मानले नाही तर गोष्ट मंडळीपुढे मांडावी. मंडळ्यांमधली बरीच भांडणे पहिली पायरी गाळल्याने चिघळतात. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी कोणी बोलत नाही, बाकी सगळ्यांशी बोलतात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात एका अपराध्याला मंडळीतून दूर करायला सांगितले आहे. दुसऱ्या पत्रात मात्र शिक्षा भोगलेल्या एकाला क्षमा करा, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल, अशी विनवणी आहे. परतीची वाट मोकळी ठेवणे हा या शिस्तीचाच भाग आहे. ती वाट बंद झाली की उरतो तो केवळ बहिष्कार.

ठाण्याजवळच्या घोडबंदर परिसराने ही शिस्त सक्तीच्या रूपातही पाहिली. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार या उत्तरेकडील मुलखावरही चाले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने जुने सण, जुने विधी पाळले तर त्याची चौकशी होई, आणि शेजाऱ्याची चुगली हा त्यात पुरावा ठरे. मध्ये काही वर्षे बंद पडलेले हे न्यायासन १८१२ मध्ये कायमचे संपले. भीतीने घडवून आणलेल्या कबुलीला पश्चात्ताप म्हणता येत नाही, हा धडा या किनाऱ्याने फार महाग किंमत देऊन घेतला.

उत्तर नेमके कोणाला द्यायचे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती इतिहासात सर्वांत स्पष्टपणे विचारला तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चची शिकवण जशी दिली तशी, प्रश्न न विचारता, स्वीकारावी ही सिस्टरची अपेक्षा. आपल्या सदसद्विवेकाला ख्रिस्ताने मोकळे केले आहे, ते दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. त्या उद्धट नव्हत्या. सिस्टरचे ऋण त्या मानत होत्या, पत्रांना उत्तरे देत होत्या, आपली बाजू तपशीलवार मांडत होत्या. उत्तर देणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे, हा फरक त्या पत्रांत जितका नितळ दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसेल. ही पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

याच रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत सर्वांसमोर आपली पापे कबूल करू लागल्या. येथे चौकशी करणारे कोणी नव्हते. कबुली आतून आली होती. मात्र जाहीर कबुलीचा आग्रह धरणाऱ्या आजच्या प्रार्थनागटांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ऐकणाऱ्यांनी मौन राखले नाही तर बोलणाऱ्याची उघड्यावर मानहानी होते. पापनिवेदनातली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणाने उघड करू नये, हा कॅथलिक धर्मनियम त्यामुळेच इतका कडक आहे.

आजच्या घोडबंदर रोडवर परिस्थिती निराळी आहे. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासून उभे आहे. ईस्ट इंडियनांच्या, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिकांच्या, जुन्या गावठाणांत कोण मिस्साला आले नाही, कोणाच्या घरी भांडण झाले, हे सर्वांना कळत असे. त्यात आधार होता, तसा जाचही होता. मानपाडा, कासारवडवली, ओवळा या पट्ट्यातल्या टॉवरांत मात्र मराठी, गोवेकर, मंगळुरी, मल्याळी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. कोणी लॅटिन कॅथलिक, कोणी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सिरो-मलबार कल्याण धर्मप्रांताचे, कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कोणी फ्लॅटमध्ये भरणाऱ्या प्रार्थनागटाचे. अशा वस्तीत टोकणारा पाळक नकोसा झाला तर दुसरी मंडळी गाठणे सोपे असते. मुंबई महाधर्मप्रांताने वाढवलेले लहान ख्रिस्ती समूह, म्हणजे शेजारच्या काही कुटुंबांनी घरी जमून शास्त्रवाचन करायचे, हा यावरचा सर्वांत आशादायक उपाय वाटतो. जो आजारपणात डबा घेऊन येतो, त्याचे टोकणे माणूस ऐकून घेतो.

कायद्यानेही मर्यादा आखल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार कोणाला समाजातून वाळीत टाकणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चर्च न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला, तरी तो दिवाणी घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

पाळक, धर्मगुरू आणि वडील यांचे उत्तरदायित्व हा या रीतीचा सर्वांत दुबळा भाग आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात वडिलाविरुद्धची तक्रार दोन-तीन साक्षीदारांसह ऐकावी आणि तो पाप करत राहिला तर सर्वांदेखत दोष दाखवावा, असे सांगितले आहे. सामान्य सदस्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवणाऱ्या मंडळ्यांनी हा नियम आपल्या पुढाऱ्यांना तेवढ्याच तत्परतेने लावलेला नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू व धर्मभगिनींवर बंधनकारक केले. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील अशा अत्याचाराची खबर पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि चर्चमध्ये अंतर्गत चौकशी चालू आहे, या सबबीवर ते टाळता येत नाही.